पेशंटसोबत कोण आहे?

समुपदेशक ताई,


या पत्रात तुमचं नाव लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाही. नाव घेतलं की चौकशी लागते आणि चौकशीचं खापर सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर फुटतं. तिथं सगळ्यात खालच्या तुम्हीच होतात. कंत्राटावर लागलेल्या, तीन-तीन विभागांत पळणाऱ्या, माझ्या मोठ्या मुलाच्या वयाच्या. तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण रुसवा आहे. तो मनात ठेवला तर रात्री झोप लागत नाही, म्हणून चार लोकांत लिहिते आहे.

मी मूर्तिजापूर तालुक्यातली. माहेर अमरावतीचं, अंबागेटच्या आतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि पेन्शनचे कागद पूर्ण होतात न होतात तोच डाव्या स्तनातली गाठ हाताला लागली. ऑपरेशन झालं, किमो झाल्या, किरणांचा शेक झाला. आता रोज एक गोळी आणि ठरलेल्या महिन्यांनी तपासणी. फाइलवर मी बरी आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं तुम्ही 'समुपदेशन पूर्ण' असं लिहिलंत, ते मी टेबलाच्या या बाजूनं वाचलं. शिक्षकाला समोरच्याची वही उलटी वाचता येते.

माझी तक्रार एका वाक्यात मावते. मला सांगायचं होतं ते तुमच्या रुग्णालयानं माझ्या घरच्यांना सांगितलं, आणि घरच्यांना सांगायचं होतं ते मला एकटीला सांगितलं.

पहिला भाग तुमच्या आधीचा आहे, तरी ऐका. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी दारातून हाक आली, "पेशंटसोबत कोण आहे?" मी उठले तर सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही बसा. नातेवाइकांना पाठवा." हे, माझा भाऊ आणि धाकटे भाऊजी असे तिघं आत गेले. मी बाकड्यावर. समोरच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद लावलेली होती, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली. त्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे. ती मी वेळ जावा म्हणून वाचत बसले.

तिघं बाहेर आले. भाऊ पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, साधी गाठ हाय. काढून टाकू, झालं." आणि ह्यांनी काही न बोलता माझी पिशवी उचलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाजारातून येताना, माहेरी जाताना, दोन लेकरं कडेवर असतानासुद्धा ज्या माणसानं कधी माझी पिशवी धरली नाही, त्यानं ती उचलून खांद्याला लावली. मला तिथंच कळलं. रिपोर्ट वाचायची गरज राहिली नाही.

तरी वाचला. फाइल गादीखाली ठेवलेली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. 'सी.ए. लेफ्ट ब्रेस्ट'. पोरांच्या वह्यांतल्या काना-मात्रा लाल शाईनं पकडण्यात जिचा जन्म गेला, तिच्यापासून तिच्याच आजाराची दोन अक्षरं लपवायला निघालेलं घर! पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे नाटक चाललं. मला कळलंय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांना माहीत नाही हे मला माहीत होतं, आणि सगळे मिळून गाठीचं ऑपरेशन 'साधं' असल्याच्या गप्पा मारत होतो. मुलगी फोनवर हसून बोलायची आणि फोन ठेवला की न्हाणीघरात जायची. लाल औषधाची पहिली बाटली चढली, लघवी लाल झाली, केस उशीवर आले, तेव्हा कुठं पडदा पडला.

घरच्यांना मी दोष देत नाही. "तिला सांगू नका, खचून जाईल" हे आमच्याकडे प्रेमापोटीच म्हणतात. पण डॉक्टरांनी त्यांना एवढं म्हणायला काय हरकत होती, की बाईला सांगावंच लागेल, चला, सगळे मिळून सांगू? दोन खुर्च्या जास्त लागल्या असत्या.

गंमत बघा, आमच्या मुलखात कॅन्सर हे नाव काही तोंडाबाहेर न काढण्यासारखं नाही. तुकडोजी महाराज कॅन्सरनं गेले, 11 ऑक्टोबर 1968 ला, मोझरीला गुरुकुंजात. हे वऱ्हाडात लहान पोराला ठाऊक असतं. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला महाराजांचंच नाव आहे, अमरावती-अकोल्याची कितीतरी माणसं त्या पायऱ्या चढली आहेत. संताला झाला तर सांगायचा, आणि मास्तरीणबाईंच्या छातीला झाला की गादीखाली ठेवायचा, असा आमचा हिशेब.

आता तुमची खोली.

शेक संपल्यावर आम्हाला तुमच्याकडे पाठवलं. खोली चांगली होती. गार हवा, टिश्यूचा डबा, भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र. हे माझ्यामागोमाग आत येत होते, तर तुम्ही फार गोड आवाजात म्हणालात, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? आम्हाला मोकळं बोलायचंय." काका बाहेर गेले. मग तुम्ही मला आहार सांगितला, चालणं सांगितलं, श्वासाचे व्यायाम सांगितले. डाव्या हातानं जड उचलायचं नाही, भाजू-कापू द्यायचं नाही, त्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही. भरपूर विश्रांती घ्यायची. विचार पॉझिटिव्ह ठेवायचे. आणि फॉर्मवर खालच्या ओळीला आलात तेव्हा विचारलंत, "घरी सपोर्ट आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही टिक केली.

ताई, वऱ्हाडातली बाई याला दुसरं काय म्हणणार? माहेरचा भाऊ दिवाळीला येऊन "सुखी आहेस न माय?" विचारतो तेव्हासुद्धा ती होच म्हणते, आणि तुम्ही तर हातात पेन घेऊन बसला होतात. त्यात प्रश्नच असा की उत्तर आधी त्यात भरलेलं. 'आहे ना?' घरात पाणी कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, रात्री तुमच्याजवळ कोण झोपतं, असं काही विचारलं असतंत तर माझं तोंड उघडलं असतं.

जड उचलू नका, हे तुम्ही मला सांगितलंत. मी उचलायला बसलेच नव्हते. मला उचलायला लावणारं घर बाहेर होतं. आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं ड्रम, गुंड, बादल्या भरायच्या, हा नियम माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनचा. मी बाजूला उभी राहिले तर शेजारीण विचारते, "काहून बाई, दुखते का अजून?" आणि सासूबाई माझ्याऐवजी उत्तर देतात, "डॉक्टरनं तं बरी केली म्हने." मग मी बादली उचलते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्यामुळं हातातलं पाणी निचरायला वाट कमी राहते आणि हात सुजतो, ही गोष्ट मला कळली होती. पण ती घरात सांगणारी मीच, आणि तिच्यामुळं कामातून सुटणारीही मीच. अशा साक्षीदाराचं कोण ऐकणार? बांगडी रुतायला लागली तेव्हा सोनाराकडून कापून घेतली.

ताटाचं सांगते. किमो चालू असतानाच माझं ताट वेगळं झालं. स्टीलचं ताट, खाली खिळ्यानं फुली मारलेली, म्हणजे मिसळलं तर ओळखू यावं. तांब्यालाही फुली. किमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा बाहेरचा संसर्ग मला होऊ नये म्हणून स्वच्छता पाळा, असं नर्सनं एकदा घाईत सांगितलं होतं. घरानं ते उलटं ऐकलं. पुढं शेक सुरू झाला आणि नातू माझ्या मांडीवरून उचलला गेला. सासूबाई सुनेला म्हणाल्या, आणि मी आतल्या खोलीत आहे हे विसरून म्हणाल्या, "लेकराले तिच्यापाशी नको देऊ वं, तिच्या आंगात लाईट हाय."

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाहेरच्या मशीननं दिलेला शेक मशीन बंद झाली की थांबतो, अंगात साठत नाही, त्यापासून नातवाला काही होत नाही. बस, एवढंच. मी हे घरात पन्नास वेळा सांगितलं असेल. पण घरात मी आई आहे, सून आहे, बायको आहे. माझं ज्ञान चुलीपर्यंत. तेच तुमच्या गार खोलीत, पांढरा कोट घातलेल्या माणसानं, सासूबाईंना समोर बसवून सांगितलं असतं, तर ताटावरची फुली त्याच आठवड्यात गेली असती असं मला अजून वाटतं. आमच्याकडे डॉक्टरच्या शब्दाला भाव आहे. तो शब्द तुम्ही चुकीच्या माणसावर खर्च केलात.

मी अमरावतीची, त्यामुळं लहानपणी वडिलांचं बोट धरून तपोवन पाहिलेलं आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 साली कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं. घरादारानं टाकलेली माणसं तिथं शेती करायची, हातमाग चालवायची. पुढं आजारावर चांगली औषधं आली, माणसं बरी झाली, आणि तरी कितीजणांना घरी घ्यायला कुणी आलं नाही, हे वडील हळू आवाजात सांगायचे. फुली मारलेल्या ताटात जेवताना मला ते आठवायचं. आपल्याला अजून घरातच ठेवलंय, एवढ्यावर समाधान मानायचं का, असाही विचार यायचा.

सुनेबद्दल लोक मला विचारतात, तिनं केलं का? केलं. माझ्या आजारपणात घर तिनं चालवलं. माझे डबे, सासूबाईंची पथ्यं, नवऱ्याची शिफ्ट, लेकराची शाळा. तिनं माझ्या उलटीचं भांडं धुतलं आहे, हे मी विसरणार नाही. पण शेक संपला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "आई, आता झालं ना सगळं?" तिला वाटलं आता सासू पुन्हा उभी राहील. मला तर जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागत होतं. रोजच्या गोळीनं सांधे धरायचे, भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, भाजीत मीठ दोनदा पडायचं, जन्मभर पाठ असलेले पाढे मध्येच तुटायचे. उपचार संपल्यावरही हा थकवा महिनोन् महिने राहतो, झोपून उठल्यानं जात नाही, आणि हे आळशीपण नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती ते 'नाटकं' समजली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. त्या सगळ्या काळात तिला कुणी एकदा तरी विचारलं का, की पोरी, तू कशी आहेस? ती तर बाकड्यावरसुद्धा नव्हती; ती घरी भाकरी थापत होती.

आणि ज्यांना तुम्ही बाहेर बसवलंत, त्यांचं.

हे काही बसले नाहीत. तुम्ही आत मला धीर देत होतात तेव्हा रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या टपरीवर ह्यांनी खर्रा घोटून घेतला. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून पाटीवर खसाखसा घासलेला. विदर्भातल्या माणसाला खर्रा काय असतो ते सांगावं लागत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात जबडा काढलेली, नाकात नळी घातलेली माणसं कशानं तिथं आली तेही नाही. ह्यांनी नातू झाला तेव्हा खर्रा सोडला होता. माझ्या आजारपणात पुन्हा लागला. मला कळला तो वासानं, परतीच्या गाडीत. विचारलं तर म्हणाले, "डोकं चालत नाही वं माझं. कोणाशी बोलू?"

कॅन्सरच्या समुपदेशन कक्षापासून पन्नास पावलांवर, ताई.

ह्यांच्या डोक्यात काय काय होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी समजलं. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन आणि किमो निघाल्या, आरोग्यमित्रानं धावपळ केली, त्याचे उपकार आहेत. पण गाडीभाडं, खोलीभाडं, बाहेरच्या तपासण्या हे सगळं खिशातून. तूर घरात यायच्या आधीच तिचे पैसे उचललेले होते. रात्री हे उठून माझ्या नाकापुढं हात धरायचे, श्वास चालू आहे का बघायला. मी जागीच असायचे, पण डोळे उघडायचे नाही. दिवसा मात्र माझ्याकडे बघायचे नाहीत, ड्रेसिंग बदलताना तर खोलीतूनच निघून जायचे. मला वाटलं किळस आली. मीही मग न्हाणीघराला आतून कडी लावू लागले. खरं काय, तर हात लावला तर टाके उसवतील, दुखेल, अशी भीती त्यांना वाटायची, आणि ती बोलायची कशी हे त्या माणसाला येत नव्हतं. कापूस वेचायला, पऱ्हाटी उपटायला शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. नवरा-बायकोनं कधी जवळ यायचं, जखमेला काय होतं, काय होत नाही, हे दोन मिनिटांचं बोलणं होतं. तुमच्याकडे त्याचं शिक्षण झालेलं असणार. आमच्याकडे ते कोण काढणार, भाऊजी?

मुलीचं लिहू की नको, असं झालं होतं. लिहिते. धाकटीचं स्थळ बघणं चालू आहे. अकोटकडचं एक स्थळ आलं, पत्रिका जुळली, देणंघेणं नको म्हणाले, आणि मग मध्यस्थानं फोनवर विचारलं, "विहीणबाईंना काय झालं होतं म्हणे?" त्यानंतर फोन आला नाही. मुलगी काही बोलली नाही. पण आता ती आंघोळीला जास्त वेळ लावते, आणि का लावते हे मला आईला कळतं. ती हातानं चाचपून बघते. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरात साधारण पाच ते दहा बायकांतच तो जनुकांतून आलेला असतो, बाकीच्यांत नाही. घराण्यात कुणाकुणाला झाला, कोणत्या वयात झाला, यावरून तपासणी लागते की नाही हे डॉक्टर ठरवतात. एवढी माहिती मी वाचून मिळवली. पण आईनं सांगितलेलं मुलीला खोटा धीर देणं वाटतं, आणि होणाऱ्या व्याह्यांना सांगायला गेलं तर ते लपवणं वाटतं. तुमच्या खोलीत ती एकदा माझ्याशेजारी बसली असती तर तिनं तुम्हाला विचारलं असतं. मला ती विचारणार नाही. मला दुखेल म्हणून.

तुम्ही म्हणाल, बाईंच्या अपेक्षा मोठ्या, सरकारी-निमसरकारी रुग्णालयात एवढं कुठं जमतं? मग रेल्वेचं बघा. कॅन्सरचा पेशंट उपचाराला निघाला तर स्लीपर आणि थर्ड एसीत त्याचं भाडं पूर्ण माफ, आणि सोबत जाणाऱ्या एकाला पंचाहत्तर टक्के सूट. बडनेऱ्याच्या खिडकीवरच्या बाबूलासुद्धा कळतं की हा आजार एकट्यानं प्रवास करत नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. आमच्या शेंडगावचा माणूस, डेबू झिंगराजी. टाटाला उपचार घेणारी गोरगरीब माणसं तिथं उतरतात, आणि पेशंटसोबत त्याच्या माणसालाही तिथं जागा मिळते. गावातले एकजण तिथं राहून आले. ते सांगत होते, तिथल्या ओट्यावर संध्याकाळी पेशंटचे नवरे, बायका, भाऊ बसतात आणि एकमेकांना विचारतात. काय खाऊ घालता, झोप लागते का, पैसे कुठून आणले. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं. त्यांच्यापैकी कुणाकडे समुपदेशनाची पदवी नव्हती.

आणि ते टाटा रुग्णालय तरी कसं झालं? सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं 28 फेब्रुवारी 1941 ला परळचं रुग्णालय उघडलं. म्हणजे आज देशभरातले पेशंट ज्या दाराशी जातात ते दार एका नवऱ्याच्या दुःखातून उघडलेलं आहे. बाहेर बाकड्यावर बसवलेल्या माणसाच्या.

तुमच्या शास्त्रालाही हे नवं नाही. न्यूयॉर्कच्या कॅन्सर रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी 1977 साली पेशंटच्या मनासाठी वेगळा विभाग सुरू केला. तिथून जगभर पसरलेल्या या कामात एक साधा कागद वापरतात. शून्य ते दहा आकडे असलेलं थर्मामीटरचं चित्र, आणि त्याखाली त्रासांची यादी. त्या यादीत दुखणं आहे, झोप आहे, पैसा आहे, आणि जोडीदार आणि मुलंही आहेत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, तिथं पेशंटबरोबर घरच्या माणसानं राहायचं असतं आणि शुश्रूषा शिकून घ्यायची असते. लांब कशाला, आपल्याच भागात शेतकरी आत्महत्यांच्या काळात 2015 साली प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई उंबरठा ओलांडून आत यायच्या, घरातल्या माणसांशी बोलायच्या. तेव्हा सरकारला कळलं होतं की माणूस कसा आहे हे त्याच्या घरात जाऊन विचारावं लागतं. कॅन्सरला ते का लागू होत नाही?

एक गोष्ट मात्र मी स्वतः बजावून सांगते, नाहीतर उद्या तुम्ही सगळ्याच घरांना सरसकट आत घ्याल. माझ्या शेजारच्या खाटेवर बाळापूरकडची एक बाई होती, तिशीतली. ऑपरेशननंतर नवऱ्यानं तिला माहेरी सोडली ती नेलीच नाही. बाहेर म्हातारी आई बसलेली असायची. अशा बाईच्या नवऱ्याला 'कुटुंबाचा सहभाग' म्हणून बोलावून समोर बसवणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा कापणं. काही घरी घरच आजार असतं. म्हणून आधी पेशंटला एकटीला घ्या. तिथं तुमचं ते "मोकळं बोलू" अगदी बरोबर आहे. तिला विचारा की कुणाला बोलावू, कुणाला नको, त्यांना काय सांगू, काय सांगू नको. ती म्हणेल बहिणीला बोलवा, तर बहिणीला बोलवा. शेजारीण म्हणेल तर शेजारीण. नवरा आणि सासू म्हणेल तर ते. मग तिनं नेमलेल्या माणसांना एक बैठक द्या. त्यात स्वयंपाक करणारं माणूस हवं आणि पैशाची पिशवी सांभाळणारं हवं, कारण आमच्याकडे ही दोन माणसं वेगवेगळी असतात आणि रुग्णालयात नेहमी दुसरंच येतं. नवऱ्याला पाच मिनिटं वेगळं घ्या. तो बोलणार नाही. त्याच्यासमोर चहा ठेवा आणि गप्प बसा, मग बोलेल. आणि मनाच्या त्रासासाठी असलेला टेलिमानसचा 14416 हा नंबर पेशंटच्या नातेवाइकानंही फिरवायचा असतो, हे त्या सूर्याच्या चित्राशेजारी मोठ्या अक्षरांत लिहा. फाटकासमोरच्या टपरीवर लिहिता आलं तर जास्त बरं.

तुम्हाला वेळ नसतो, मी पाहिलं आहे. बाहेर रांग होती, मध्ये तुमचा फोन दोनदा वाजला, तुम्ही जेवलाही नव्हता, डबा टेबलावर तसाच होता. तुमच्यासारख्या आणखी दोघी ठेवा, असं तुमच्या साहेबांना सांगायचं काम माझं. तसा अर्ज मी या पत्रासोबत वेगळा टाकते आहे. योजनेच्या यादीत ऑपरेशनचं पॅकेज आहे, किमोचं आहे, शेकाचं आहे. घराला समोर बसवून बोलायचं पॅकेज मला त्यात कुठं दिसलं नाही, तेही अर्जात लिहिलं आहे. शुद्धलेखन तपासूनच टाकते.

पुढच्या फॉलोअपला आम्ही पाचजण येतो आहोत. हे, धाकटी मुलगी, जमलं तर सूनबाई, आणि सासूबाई. मोठा मुलगा नातवाला सांभाळेल. सासूबाई पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या, "मले काय समजते त्याच्यातलं." मग मी म्हटलं, डॉक्टरनं तुम्हालाच बोलावलंय. त्या दिवसापासून नवं लुगडं काढून ठेवलंय. तेव्हा ताई, माझं हे खोटं तेवढं सांभाळून घ्या, आणि खुर्च्या मागवून ठेवा. सासूबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्या उजवीकडं बसा, मोठ्यानं बोला, आणि लाईट अंगात राहत नाही हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला